‘बरो होतलो मां?’ : आयसीयूतल्या मेंदूच्या रुग्णाचं पुढे काय होतं

आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो. खारेपाटण-कणकवलीकडची माणसं तो मालवणीत विचारतात, “डॉक्टरानू, बरो होतलो मां?”

प्रश्न एक वाटला तरी त्यात दोन दडलेले आहेत. जगेल का, हा पहिला. जगला तर ओळखेल का, बोलेल का, स्वतःच्या हातानं जेवेल का, हा दुसरा. न्यूमोनिया किंवा हार्ट अटॅकमध्ये या दोन्हींची उत्तरं बहुधा हातात हात घालून येतात. मेंदू आणि मज्जातंतूंच्या गंभीर आजारांत मात्र त्यांची फारकत होते, आणि घरच्यांचा सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो.

समजा, पावसाळ्यातल्या एका दिवशी खारेपाटणच्या आसपासच्या वाड्यांतून दोन रुग्ण आयसीयूत दाखल झाले. पहिला पंचविशीतला तरुण. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या जड झाल्या, जीभ अडखळायला लागली आणि श्वास मंदावत गेला. दुसरे पंचावन्न वर्षांचे गृहस्थ. दुकानात बसल्या जागी त्यांचं हृदय बंद पडलं आणि पुन्हा सुरू व्हायला पंधरा मिनिटं गेली. दोघांनाही व्हेंटिलेटर लागला.

चौथ्या दिवशीचं चित्र असं: तरुणाच्या पापण्या मिटलेल्या, बोटसुद्धा हलत नाही, डोळ्यांत टॉर्च मारला तरी बाहुल्या आकसत नाहीत. गृहस्थांनी डोळे उघडलेत आणि श्वासही ते स्वतः घेतायत. बाहेर एका घरचे लोक पेढे आणायच्या विचारात आहेत, दुसऱ्या घरी रडारड चालली आहे. पण पुढच्या महिन्यात घरी चालत जाण्याची शक्यता त्या निपचित तरुणाचीच जास्त आहे. असं का, याचं उत्तर आपण पायरी-पायरीनं शोधू.

१. काळोख एक, बिघाड अनेक

कोकणात पावसाळ्यात वीज जाण्याचं कुणाला नवल नाही. घरात काळोख झाला की आपण आधी खिडकीतून शेजाऱ्याकडे बघतो. त्याच्याकडे दिवा असेल तर बिघाड आपल्याच घरात. वाडीत कुठेच नसेल तर तारेवर फांदी पडली असणार. गावच अंधारात असेल तर सबस्टेशन गेलं. वायरमन येण्याआधी आपण एवढी तपासणी करून टाकतो, कारण वीज केव्हा येणार ते काळोख किती दाट आहे यावरून कळत नाही. बिघाड कुठे आहे यावरून कळतं.

शरीराचंही तसंच आहे. हुकूम मेंदूतून निघतो. हे झालं सबस्टेशन. मज्जारज्जू आणि त्यातून फुटणारे मज्जातंतू या तारा. मज्जातंतू स्नायूला जिथे भेटतो तो सांधा म्हणजे बल्बचा होल्डर, आणि स्नायू हा बल्ब. याशिवाय एक मेन स्विच आहे. रक्तातली साखर फार उतरली, सोडियम घटलं, यकृत किंवा किडनी निकामी झाली, झोपेच्या गोळ्या जास्त पोटात गेल्या, तर सबस्टेशन आणि तारा धड असूनही स्विच खाली पडतो. कारण वेळेत दूर केलं की तो पुन्हा वर करता येतो.

यातली कुठलीही जागा बिघडली तरी बाहेरून दिसतं ते सारखंच: माणूस हलत नाही, बोलत नाही. पण दुरुस्तीचे नियम वेगळे आहेत. मज्जातंतूचं टोक आणि त्याचं आवरण पुन्हा वाढू शकतं. मेलेली मेंदूपेशी बहुतांशी पुन्हा उगवत नाही. फार तर शेजारचे भाग हळूहळू तिचं काम शिकून घेतात. हा फरक ध्यानात ठेवला की पुढचं सगळं सोपं होतं.

२. सर्वांत कमी गुण शून्य का नाहीत?

आयसीयूच्या कागदांवर ‘जीसीएस’ असं लिहिलेलं दिसतं. ग्लासगो शहरातल्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली बेशुद्धीची खोली मोजण्याची ही पद्धत मांडली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६. बेरीज १५. काहीच होत नसेल तरी प्रत्येक विषयात १ गुण मिळतो, म्हणून तळ ३ चा असतो. ‘पंधरापैकी तीन’ ऐकून काहीतरी शिल्लक आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ते भोपळ्याएवढंच आहे.

आता आपल्या दोघांचे गुण मांडू. तरुण: डोळे १, बोलणं १, हालचाल १, एकूण ३. गृहस्थ: डोळे आपोआप उघडतात म्हणून ४, बोलणं १, चिमटा काढला तर हातपाय फक्त ताठ होतात म्हणून २, एकूण ७. (घशात नळी असेल तर बोलणं तपासता येत नाही आणि कागदावर तशी खूण करतात.) गुणपत्रिकेत गृहस्थ पुढे आहेत. पण जीसीएस काळोख मोजतं, बिघाडाची जागा सांगत नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा अंदाज बांधायला हा आकडा फार उपयोगी पडतो. होल्डर जळालेल्या माणसाच्या बाबतीत तो चक्क दिशाभूल करतो.

३. हातांनी चालवलेले श्वास

आयसीयू ही सोयच मुळात मज्जासंस्थेच्या एका आजारातून जन्माला आली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण तिथल्या ब्लेग्डाम रुग्णालयात येत होते. यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ जणांपैकी २७ दगावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला भोक पाडून घेऊन श्वासनळीत नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून हवा भरायला सुरुवात केली. मुलगी वाचली.

मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाळ्या लावून बोलावलं गेलं. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून, रात्रंदिवस, हातानं पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. असे रुग्ण एका दालनात, सतत नजरेखाली ठेवायची कल्पना यातूनच पक्की झाली.

त्या विद्यार्थ्यांनी पोलिओ बरा केला नव्हता. पोलिओवर औषध आजही नाही. त्यांनी फक्त वेळ मिळवून दिला. व्हेंटिलेटर कुठलाच बिघाड दुरुस्त करत नाही. दुरुस्ती होईपर्यंत तो श्वास सांभाळतो. म्हणून ‘मशीनवर ठेवलाय’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ‘मशीनवर असेपर्यंत दुरुस्ती होणार आहे का’ हे विचारायला हवं.

४. होल्डर जळला: मण्यारीचा दंश

आपला तरुण याच प्रकारचा रुग्ण आहे. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते तेव्हा पुष्कळदा जागही येत नाही. सूज नाही, फारसं दुखणं नाही, दातांची खूण शोधूनही सापडत नाही. फुरशाच्या किंवा घोणसाच्या दंशात अंग सुजतं, रक्त वाहतं, म्हणून घरचे लगेच धावतात. मण्यारीत सकाळी पोटात दुखतं आणि घरात ओवा-हिंगावर भागवलं जातं.

तिचं विष मज्जातंतूच्या टोकावर, म्हणजे होल्डरच्या आतल्या बाजूवर जाऊन बसतं आणि ते टोकच मोडून टाकतं. आधी पापण्या उतरतात, मग गिळता येत नाही, मान टेकते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालते आणि ती लवकर द्यावीच लागते. मात्र ती रक्तात फिरणारं विष अडवते, मोडलेलं टोक जोडत नाही. टोक नव्यानं वाढायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. तोवर श्वास यंत्रावर.

या काळात डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा लुळ्या पडतात आणि टॉर्चला दाद देत नाहीत. नवख्या माणसाला वाटतं, मेंदू गेला. आत सबस्टेशन मात्र पुष्कळदा चालू असतं. हलता येत नाही एवढंच. बरे झालेले असे रुग्ण उशाशी झालेली बोलणी सांगतात. “माका सगळा आयकाक येय होता,” असं तो तरुण पुढच्या आठवड्यात म्हणाला तर आश्चर्य नको. म्हणून अशा रुग्णाच्या खाटेशी त्याच्या मरणाची चर्चा करू नये. त्याचं नाव घेऊन बोलावं.

या चांगल्या शेवटाला एक अट आहे. वाटेत श्वास थांबून मेंदूला प्राणवायू तुटला, तर होल्डरचा बिघाड सबस्टेशनपर्यंत पोचतो. मग लस आणि व्हेंटिलेटर दोन्ही मिळूनही माणूस पूर्ण परतत नाही. खारेपाटणहून भुईबावडा घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूर गाठायचं असो किंवा महामार्गानं कणकवली, ओरोस करत गोव्याच्या बांबोळीला जायचं असो, मोठ्या रुग्णालयापर्यंत काही तास सहज जातात. म्हणून आधी जवळच्या आरोग्य केंद्रात लस सुरू करायची आणि पुढच्या प्रवासात श्वास सांभाळू शकणारा माणूस बरोबर हवा. २०१४ पासून महाराष्ट्रात धावणारी १०८ ची रुग्णवाहिका म्हणूनच खासगी गाडीपेक्षा बरी. तिच्यात बसून फुगा दाबणारे हात कोपनहेगनच्या त्या विद्यार्थ्यांचंच काम करत असतात.

५. तारेचं आवरण गेलं: जीबीएस

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांतून हातापायांतली शक्ती गेलेले रुग्ण एकामागून एक येऊ लागले. संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हे नाव तेव्हा घराघरांत पोचलं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून येणारा जंतू सापडला.

जीबीएसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर तुटून पडते. तारेवरचं रबर सोललं गेलं की प्रवाह गळतो. पायांतून सुरू झालेला अशक्तपणा वर चढत जातो आणि जास्तीत जास्त चार आठवड्यांत तळ गाठतो. त्यानंतर काही काळ जैसे थे, मग सुधारणा. साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो. चांगली सोय असेल तर शंभरातले पंचाण्णवच्या आसपास वाचतात. सहा महिन्यांनी पाचातले चार जण आधाराशिवाय चालू लागलेले असतात.

श्वासाचे स्नायू दमतायत का, हे ओळखायला डॉक्टर खाटेशीच एक साधी चाचणी करतात. खोल श्वास घ्यायला सांगून, त्या एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला लावतात. धडधाकट माणूस चाळिसाच्या आसपास जातो. समजा सोमवारी रुग्ण ३५ पर्यंत गेला, मंगळवारी सकाळी २६, संध्याकाळी १८. बोटाला लावलेलं यंत्र अजून प्राणवायू उत्तम दाखवत असेल, तरी हा उतार पाहून त्याला आयसीयूत हलवायला हवं. प्राणवायूचा आकडा पडतो तो सगळ्यांत शेवटी.

जीबीएसवरची औषधं, म्हणजे शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलणं, दोन्ही सारखीच उपयोगी आहेत. पण दुसऱ्याच दिवशी हात उचलला जात नाही म्हणून खचून जायचं कारण नाही. आवरण नव्यानं चढायला आठवडे आणि महिने लागतात.

६. सबस्टेशनचा एक भाग जळला: पक्षाघात

आता खुद्द मेंदूकडे. ‘वारं गेलं’ म्हणतात त्या आजारात मेंदूची रक्तवाहिनी एकतर गुठळीनं बंद होते किंवा फुटते. मोठी वाहिनी बंद पडली तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. निवडक रुग्णांत वाहिनीतून तार घालून गुठळी ओढून काढतात, ते चोवीस तासांपर्यंतही शक्य होतं.

खारेपाटणच्या माणसासाठी हा हिशेब करून बघू. सकाळी ७ ला तोंड वाकडं झालं. घड्याळ संपणार साडेअकराला. ‘जरा पडूदेत, बरा वाटात’ म्हणत एक तास गेला. गाडी मिळायला अर्धा तास. प्रवास अडीच तास. सीटी स्कॅन आणि निर्णय एक तास. बेरीज पाच तास, म्हणजे बारा वाजले. संधी अर्ध्या तासानं हुकली. घाट सपाट करता येत नाही आणि स्कॅनही टाळता येत नाही. कापता येतो तो घरात बसून घालवलेला पहिला तास. रुग्ण झोपेतून उठतानाच लुळा पडलेला आढळला तर घड्याळ उठण्याच्या वेळेपासून नव्हे, आदल्या रात्री तो धड दिसला त्या वेळेपासून मोजतात.

मोठ्या पक्षाघातात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेंदू सुजतो. काठोकाठ डाळ भरलेल्या बरणीत पाणी ओतून झाकण घट्ट लावलं तर काय होईल? डाळ फुगते आणि बरणी ताणली जाते. कवटीची बरणी ताणत नाही, म्हणून आतला निरोगी मेंदूही चेपतो. अशा वेळी शल्यचिकित्सक कवटीचा मोठा तुकडा काढून सुजेला वाट देतात. तो तुकडा पुष्कळदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि नंतर परत बसवतात.

या शस्त्रक्रियेचे आकडे नीट वाचले तर अगदी सुरुवातीचे दोन प्रश्न वेगळे का आहेत ते कळतं. युरोपातल्या तीन अभ्यासांचे साठ वर्षांपर्यंतच्या रुग्णांचे निष्कर्ष २००७ मध्ये एकत्र मांडले गेले. शस्त्रक्रिया न केलेल्या शंभरांपैकी वर्षानंतर २९ जिवंत होते, केलेल्या शंभरांपैकी ७८. म्हणजे ४९ जीव जास्त वाचले. आता दुसरा प्रश्न: आधाराशिवाय चालू शकणारे किती? न केलेल्यांत २१, केलेल्यांत ४३. जास्तीच्या ४९ मधले २२ स्वतःच्या पायांवर आले. उरलेल्या २७ जणांना चालायला आणि रोजच्या कामांना दुसऱ्याचा हात लागणार होता. ‘ऑपरेशननं जीव वाचेल का’ याचं उत्तर ठाम होय आहे. ‘कसा वाचेल’ हे घरच्यांनी समजून घेऊनच सही करावी.

वाहिनी फुटून मेंदूत रक्त साचलं तर चित्र अधिक अवघड असतं. शंभरातले चाळीसच्या आसपास रुग्ण पहिल्या महिन्यात जातात. उलट बाळंतिणीला होणारा एक प्रकार दिसायला भयानक, पण शेवटी दयाळू आहे. यात मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांत गुठळी होते. डोकं ठणकतं, आकडी येते, बेशुद्धी येते. रक्त पातळ ठेवणारी औषधं वेळेवर मिळाली तर सुमारे पाचातले चार जण जवळजवळ पूर्ण बरे होतात. बाळंतिणीला पाणी बेतानंच द्यायच्या रीतीनं रक्त आणखी घट्ट होतं. ती रीत सोडलेलीच बरी.

७. सबस्टेशनला पुरवठाच थांबला

दुसऱ्या खाटेवरचे गृहस्थ या गटातले. हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूपेशींना इजा होऊ लागते, आणि ती एखाद्या कोपऱ्यात न होता सगळीकडे पसरते. मेंदूचा वरचा थर, जिथे ओळख, भाषा, आठवण राहते, तो सर्वांत आधी मरतो. खालचं खोड जास्त चिवट असतं. श्वास, झोप-जाग, डोळ्यांची उघडझाप ते चालवतं. त्यामुळे डोळे उघडतात, पण नजर कुणावर ठरत नाही.

जागेपण आणि भान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पडवीतला दिवा लागला म्हणजे घरात कुणी आहे असं होत नाही. जाग आहे पण भान नाही, या अवस्थेला जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ मध्ये ‘व्हेजिटेटिव्ह’ हे नाव दिलं.

महाराष्ट्राला ही अवस्था एका नावानं ठाऊक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. गळा आवळला गेल्यानं मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षं, त्या केईएममध्येच होत्या. त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायमूर्तींनी केईएमच्या परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिलं नव्हतं. शेवट न्यूमोनियानं झाला. उत्तम शुश्रूषेनं आयुष्य इतकं लांबतं, पण मेलेला थर परत येत नाही, हे त्या खाटेनं दाखवलं.

तरी हृदय थांबलेल्या प्रत्येकाचं असं होत नाही. काही जण आठवड्याभरात नाव सांगू लागतात. म्हणून जाणकार डॉक्टर किमान ७२ तास, म्हणजे तीन दिवस, ठाम भाकीत करत नाहीत. त्यानंतरही एकाच चाचणीवर विसंबत नाहीत. बाहुल्यांची प्रतिक्रिया, मेंदूचा विद्युत आलेख, मनगटाला दिलेला हलका झटका मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोचतो का, स्कॅन, हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय का ते बघतात. आणि त्याआधी झोपेची औषधं शरीरातून उतरली आहेत याची खात्री करतात.

८. घाईचं भाकीत खरं का ठरतं?

“आता यात काही राहिलं नाही,” असं पहिल्या रात्री कुणी म्हटलं आणि घरच्यांनी यंत्र काढायला सांगितलं तर रुग्ण जातो. मग सगळे म्हणतात, बघा, बोललो तसंच झालं. पण उपचार चालू राहिले असते तर काय झालं असतं, हे आता कधीच कळणार नाही. भाकितानंच स्वतःला खरं करून घेतलं. मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल अमेरिकेतल्या मार्गदर्शक नियमांत याच कारणासाठी सांगितलंय, की उपचार आवरते घेण्याचा नवा निर्णय किमान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत लांबवावा.

डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं नसतं, याचा आणखी एक पुरावा २०१९ मध्ये न्यूयॉर्कमधून आला. मेंदूला इजा झालेल्या आणि कुठल्याही सूचनेला दाद न देणाऱ्या १०४ रुग्णांना ‘हात उघडा, मिटा’ असं सांगत त्यांच्या मेंदूचा विद्युत आलेख काढला. हात कुणाचाच हलला नाही. पण १६ जणांच्या आलेखात सूचना समजल्याची खूण सापडली. वर्षानंतर अशांपैकी शंभरी ४४ जण दिवसाचे काही तास तरी स्वतःचं स्वतः करू शकत होते. खूण न सापडलेल्यांत हे प्रमाण शंभरी १४ होतं.

घाई जशी वाईट तशी खोटी आशाही. आठवड्यांमागून आठवडे सगळ्या चाचण्या एकच सांगत असताना ‘चमत्कार होईल’ म्हणत जमीन विकायला लावणं ही दया नव्हे.

९. कोमा आणि ब्रेन डेथ

कोमा म्हणजे जाग नाही आणि भानही नाही, पण मेंदू जिवंत. कोमा सहसा काही आठवडेच टिकतो. त्यातून माणूस शुद्धीवर येतो, जाग असलेल्या पण भान नसलेल्या अवस्थेत जातो, किंवा दगावतो. ब्रेन डेथ म्हणजे खोडासकट सगळा मेंदू कायमचा थांबला. यंत्रामुळे छाती हलते, हृदय काही काळ चालतं, पण तो मृत्यूच आहे. कोमातून माणूस परतू शकतो, ब्रेन डेथमधून नाही.

भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ब्रेन डेथ चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं आणि किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी होते. त्याआधी एक अट पाळावी लागते: झोपेची औषधं, थंड पडलेलं शरीर, विषबाधा यांपैकी काही नाही ना, हे बघायचं. ही अट आपल्या पहिल्या रुग्णासाठीच असावी असं वाटतं. मण्यारीचं विष अंगात असताना बाहुल्यांवर भरवसा ठेवून चालत नाही.

१०. दाराबाहेर विचारायचे प्रश्न

‘बरा होईल का’ ऐवजी पुढचे प्रश्न विचारले तर डॉक्टरांनाही नीट उत्तर देता येतं.

बिघाड नेमका कुठे आहे: मेंदूत, तारेत की सांध्यात?
कारण परतवता येण्यासारखं आहे का?
आत्ताची बेशुद्धी आजाराची किती आणि औषधांची किती?
जगण्याची शक्यता आणि सावरण्याची शक्यता वेगवेगळी सांगाल का?
सर्वांत चांगलं झालं तर घरी कसा येईल, वाईट झालं तर कसा?
पुन्हा कोणत्या दिवशी तपासून सांगाल?

शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी, कारण अशा आजारांत उत्तर एका दिवसात मिळत नाही, ते दिवसागणिक स्पष्ट होत जातं.

सावरण्याचा मोठा भाग आयसीयूनंतर घडतो. दर दोन तासांनी कूस बदलणं, सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवणं, नाकातल्या नळीनं भरवताना डोकं उंच ठेवणं, गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तोंडातून पेजही न देणं. पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन-सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो. कोकणातली किती तरी घरं मुंबईच्या पगारावर आणि गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांवर उभी आहेत. अशा घरात रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार, हे डिस्चार्जच्या आधीच ठरायला हवं.

आणि आपल्यावरच अशी वेळ आली तर काय करावं, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी असं इच्छापत्र मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. त्यामुळे निर्णयाचं ओझं मुलांच्या डोक्यावर कमी येतं.

आता त्या दोन खाटांकडे परत. सहाव्या दिवशी तरुणाच्या पायाचा अंगठा हलला. दहाव्या दिवशी पापणी अर्धी वर गेली. दुसऱ्या खाटेवर डोळे उघडेच आहेत. पेढ्यांचा बेत केव्हाच मागे पडलाय. गृहस्थांची बायको डॉक्टरांच्या समोर उभी राहते आणि या वेळी प्रश्न दोन भागांत विचारते, “जगतले, ता कळला. माका वळखतले काय, ता सांगा.” डॉक्टर होय म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. तिला खुर्ची देतात, मेंदूचा आलेख समोर ठेवतात आणि पुढच्या तपासणीची तारीख सांगतात.